विक्रम वयाचा, पाया व्यवस्थेचा

सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीतील चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता. चीनचा तत्कालीन जगज्जेता डिंग लिरेन आणि चेन्नईचा आव्हानवीर दोम्माराजू गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण झाले होते. डाव बरोबरीकडे झुकला होता आणि बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांवर निकाल लागला असता. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशपाशी एक प्यादे अधिक होते. तेवढ्या भांडवलावर त्याने खेळ रेटत नेला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला. हत्तींची मारामारी झाली, पाठोपाठ उंटही पटावरून गेले आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या अंतिम डावात पांढऱ्याला वाचवण्यासारखे काही राहिले नाही. तीन खेळ्यांनंतर डिंगने पराभव मान्य केला आणि साडेअठरा वर्षांचा एक मुलगा जगज्जेता झाला.

या विजयानंतर देशभर जो आनंद व्यक्त झाला त्यात सर्वाधिक उच्चार झाला तो वयाचा. गॅरी कास्पारोव्हने १९८५ साली बाविसाव्या वर्षी केलेला विक्रम एकोणचाळीस वर्षांनी मोडला, तोही चार वर्षांच्या फरकाने, हे खरेच कौतुकास्पद आहे. परंतु वयाचा आकडा हा कर्तृत्वाचा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा मापदंड असतो. तो ऐकून एखादा पालक आपल्या सात वर्षांच्या मुलाकडे नव्या दृष्टीने पाहू लागतो आणि चौदा वर्षांचा एखादा विद्यार्थी आपले वय निघून गेले असे समजून पट मिटवून ठेवतो. दोघांचीही फसगत होते. कोवळ्या वयात जगज्जेते झालेल्यांचा इतिहास नीट पाहिला, तर तो दैवी चमत्कारांचा इतिहास नाही; तो कोणीतरी आधी उभारून ठेवलेल्या व्यवस्थांचा आणि कोणीतरी मुकाट्याने मोजलेल्या किमतीचा इतिहास आहे.

पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ १८८६ साली विजयी झाला तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. त्याला १८९४ मध्ये हरवणारा इमॅन्युएल लास्कर पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर लास्करहून लहान वयात हे पद मिळवणारा खेळाडू सापडण्यासाठी १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी रिगा शहरातील तेवीस वर्षांच्या मिखाईल तालने मॉस्को येथे बॉटविनिकचा साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी पराभव केला. पुढे १९८५ मध्ये कास्पारोव्हने कार्पोव्हला तेरा विरुद्ध अकरा असे नमवले. मॅग्नस कार्लसनने २०१३ साली विश्वनाथन आनंदकडून अजिंक्यपद घेतले तेव्हा त्याला तेवीस वर्षे पूर्ण व्हायला आठवडाच उरला होता. युक्रेनचा रुस्लान पोनोमारिओव्ह २००२ मध्ये अठराव्या वर्षीच जागतिक महासंघाचा विजेता झाला होता. परंतु तेव्हा अजिंक्यपद दुभंगलेले होते आणि दुसरा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक होता. अविभक्त अजिंक्यपदाचा मान अठराव्या वर्षी मिळवणारा गुकेश हा पहिलाच.

महिलांच्या अजिंक्यपदात वयाची ही पायरी फार पूर्वीच खाली आली होती. जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेती झाली. तिला १९७८ साली हरवले ते तिच्याच देशातील सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने. पुढे २०१० मध्ये चीनच्या हौ यिफानने सोळाव्या वर्षी तो विक्रमही मागे टाकला. म्हणजे ज्यांच्याकडून समाजाने या खेळात फारशी अपेक्षा ठेवली नव्हती त्या मुलींनीच, संधी मिळताच, कोवळ्या वयाची शक्यता आधी सिद्ध करून दाखवली.

बुद्धिबळातच हे का घडावे? कादंबरीकाराला आयुष्य पाहावे लागते, न्यायाधीशाला माणसे पाहावी लागतात. बुद्धिबळाचे जग मात्र चौसष्ट घरांत बंदिस्त आहे. त्याचे नियम ठाम आहेत आणि चुकीची शिक्षा त्याच बैठकीत मिळते. अशा बंदिस्त जगात तल्लख मूल पुष्कळ लवकर प्रौढ होते. त्यातही जुन्या काळी ज्ञान दुर्मिळ होते. उत्तम डाव आणि त्यांची चिकित्सा सोव्हिएत नियतकालिकांत छापून येई. ती वाचता यावी म्हणून न्यूयॉर्कमध्ये वाढणाऱ्या बॉबी फिशरला रशियन भाषेचे धडे घ्यावे लागले. संगणकाने ही अडचण दूर केली. डीप ब्लू या यंत्राने १९९७ साली कास्पारोव्हला हरवले तेव्हा अनेकांना खेळाचा अंत जवळ आल्यासारखे वाटले होते. प्रत्यक्षात उलटे घडले. जगज्जेत्याहून बलवान असा प्रतिस्पर्धी आज कोणत्याही गावातील मुलाला घरबसल्या मिळू शकतो. पूर्वी जे समजायला दहा वर्षे लागत ते आता तीन-चार वर्षांत हाती येते.

परंतु केवळ यंत्राने जगज्जेते घडत असते, तर ते जगाच्या सर्व भागांत सारख्या प्रमाणात निपजले असते. तसे झालेले नाही. कास्पारोव्ह बाकू शहरात जन्मला, सातव्या वर्षी त्याचे पितृछत्र हरपले. त्याच्यामागे आई खंबीरपणे उभी राहिली हे खरेच; परंतु त्याच शहरात मुलांसाठी ‘पायोनिअर भवना’त बुद्धिबळाचे विनामूल्य वर्ग चालत होते आणि दहाव्या वर्षी त्याला बॉटविनिकच्या शाळेत प्रवेश मिळाला. एक माजी जगज्जेता दहा वर्षांच्या मुलाची वही तपासतो, त्याचे डाव स्वतः पाहतो, ही गोष्ट त्या व्यवस्थेत अपवाद मानली जात नव्हती. जॉर्जियासारख्या लहानशा प्रजासत्ताकाने महिलांचे अजिंक्यपद १९६२ पासून १९९१ पर्यंत सलग एकोणतीस वर्षे आपल्याकडे राखले, त्यालाही हेच कारण. नोना लहान वयातच आपले गाव सोडून तिबिलिसीला प्रशिक्षणासाठी आली. तिच्या यशानंतर त्या शहरात बुद्धिबळासाठी स्वतंत्र प्रासाद उभा राहिला. एका मुलीच्या विजयाचे रूपांतर दुसऱ्या मुलीच्या संधीत कसे करावे, याचा तो वस्तुपाठ होता.

चेन्नईची कथाही याच वळणाची आहे. शहराचे नाव मद्रास होते तेव्हा तेथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात एक बुद्धिबळ मंडळ चालत असे आणि त्याला मिखाईल तालचे नाव दिलेले होते. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल आरॉन हे त्याचे आधारस्तंभ. विश्वनाथन आनंद बालपणी तेथे खेळला आणि १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, याच शहरात कार्लसनने आनंदला हरवले. ती लढत पाहायला आलेल्या मुलांमध्ये सात वर्षांचा गुकेश होता. काचेपलीकडे बसलेल्या त्या दोघांच्या जागी आपण असावे, असे तेव्हा मनात आल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. आपल्या शहराचा नायक पराभूत होत असताना एका मुलाच्या मनात स्वप्न रुजते, ही गोष्ट केवळ नाट्यमय म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती लढत तेथे व्हावी इतके बुद्धिबळ त्या शहरात आधीच रुजलेले होते. नंतरच्या काळात आनंदने तरुण खेळाडूंसाठी प्रबोधिनी काढली आणि गुकेशला तिचाही लाभ झाला. तालच्या नावाच्या मंडळापासून सिंगापूरपर्यंतचा हा रस्ता अर्ध्या शतकाचा आहे. अठरा वर्षांच्या मुलाने तो चालून पूर्ण केला, एवढेच.

या रस्त्यावर घराला काय द्यावे लागले, हेही विसरून चालणार नाही. गुकेशचे वडील शल्यचिकित्सक, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मुलाबरोबर स्पर्धांसाठी देशोदेशी फिरता यावे म्हणून वडिलांनी आपला व्यवसाय आवरता घेतला आणि घर आईच्या मिळकतीवर चालू लागले. एक काळ असा आला की कुटुंबाच्या स्नेह्यांनी पैसे उभे केले तेव्हा प्रवास शक्य झाला. चौथीनंतर मुलाची नियमित शाळाही थांबली. आज हे सारे त्याग म्हणून गौरवाने सांगितले जाते, कारण शेवट गोड झाला. पण हाच डाव टाकणारी आणि हरलेली घरे किती असतील? त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी प्रगती थांबलेला, शाळेचा धागा तुटलेला, घरच्यांच्या नजरेतील निराशा ओळखणारा मुलगा कोणत्याही विक्रमांच्या यादीत नसतो. दोन उच्चशिक्षितांच्या घरालाही जी ओढाताण सहन करावी लागली, ती एका पगारावर चालणाऱ्या घराने कशी सोसावी? एका जगज्जेत्याच्या उदाहरणावरून ‘शाळा सोडा, पटावर बसा’ असा उपदेश काढणे हे लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून पगार सोडण्यासारखे आहे.

यावर असे म्हटले जाईल की असामान्य यशाला असामान्य मार्गच लागतो. हंगेरीच्या पोल्गार दांपत्याने आपल्या तिन्ही मुलींना घरीच शिकवून अव्वल दर्जाच्या खेळाडू बनवले नाही काय? हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु ते आईवडील स्वतः शिक्षणक्षेत्रातले होते आणि त्यांनी शाळेऐवजी आखीव, बहुभाषिक आणि अत्यंत कष्टाचे गृहशिक्षण दिले होते. त्यांनी शाळा टाळली, शिक्षण टाळले नाही. प्रत्येक घराला हे साधणे अशक्य आहे, आणि म्हणूनच हा भार घरावर न टाकता शाळेने आणि समाजाने काही अंशी उचलला पाहिजे.

विजयानंतरचा काळ हा या विषयाचा दुसरा पैलू. लवकर मिळालेले सिंहासन टिकतेच असे नाही. ताल जेमतेम वर्षभर जगज्जेता राहिला. १९६१ च्या परतीच्या लढतीत पन्नाशीला आलेल्या बॉटविनिकने कसून अभ्यास करून त्याला तेरा विरुद्ध आठ असे हरवले. मूत्रपिंडाच्या विकाराने ताल पुढे जन्मभर गांजला, तरीही १९७९ मध्ये माँट्रियलच्या बलाढ्य स्पर्धेत तो कार्पोव्हच्या बरोबरीने पहिला आला. अजिंक्यपद गेले, पण खेळावरचे प्रेम गेले नाही. कास्पारोव्हने पंधरा वर्षे जगज्जेतेपद सांभाळले. पोनोमारिओव्हला मात्र ते शिखर पुन्हा गाठता आले नाही. फिशरने चौदाव्या वर्षी अमेरिकेचे अजिंक्यपद आणि एकोणतिसाव्या वर्षी जगाचे अजिंक्यपद मिळवले. १९७५ मध्ये आपल्या अटी मान्य झाल्या नाहीत म्हणून ते न खेळताच सोडून दिले आणि पुढचे आयुष्य एकाकीपणात घालवले. कार्लसनने २०२२ साली, पुन्हा ही लढत खेळण्याची उमेद उरली नाही असे सांगून, शांतपणे पद सोडले. ज्या डिंगला गुकेशने हरवले तो २०२३ मध्ये जगज्जेता झाल्यावर नैराश्याने ग्रासला होता आणि त्याने ते लपवले नाही. तिशीतल्या माणसाला जे ओझे पेलवत नाही, ते अठरा वर्षांच्या खांद्यांवर ठेवताना टाळ्या वाजवणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा. नवा जगज्जेता पुढे एखादी स्पर्धा हरला की त्याच्या पात्रतेवर शंका घेण्याची घाई करणारे लोक बहुधा काल त्याला देवत्व देणारेच असतात.

या सर्व उदाहरणांत हौ यिफानची निवड सर्वांत विचार करण्याजोगी आहे. सोळाव्या वर्षी जगज्जेती झालेल्या या मुलीने पेकिंग विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ती तेथे शिकली आणि २०२० मध्ये, सव्विसाव्या वर्षी, शेन्झेन विद्यापीठात प्राध्यापक झाली. खेळात तिने आणखी मिळवायला हवे होते अशी हळहळ काही जाणकार व्यक्त करतात. पण एखाद्या मुलीने विजेतेपदाच्या पलीकडे आयुष्य पाहिले, तर त्यात हळहळण्यासारखे काय आहे? विक्रम हा आयुष्याचा एक अध्याय असतो. त्यानंतरची पाने कोरी राहू नयेत, याची तजवीज करणारे शिक्षण हेच खऱ्या अर्थाने चांगले प्रशिक्षण होय.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रांताला लहान वयाच्या कर्तृत्वाची ओळख नवी नाही. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपदावर पहिले दशकभर आपलेच नाव कोरले. रोहिणीने १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, ते पद मिळवले आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती उतरली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. एका शाळकरी मराठी मुलीमुळे नियमाचा अर्थ स्पष्ट झाला, याची आठवण आज किती शाळांत सांगितली जाते? सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य वेचून बुद्धिबळाची पेठ वसवली. त्या परंपरेतून भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू पुढे आल्या. त्यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर दुप्पट वयाची आणि प्रचंड अनुभवाची कोनेरू हंपी होती. हे घडले जॉर्जियातील बाटुमी शहरात, म्हणजे नोना आणि माया यांच्याच भूमीत. विश्वचषक आणि जागतिक अजिंक्यपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवूनही या यशाचे मोल कमी होत नाही.

प्रश्न एवढाच की तिबिलिसीने नोनाच्या यशाचे जे केले, ते नागपूर, सांगली किंवा मुंबई दिव्याच्या यशाचे करणार काय? सत्कार, हारतुरे आणि धनादेश हे कर्तव्य पार पाडल्याचे समाधान देतात. पण त्यांतून पुढची दिव्या घडत नाही. तमिळनाडूने सात ते सतरा वयोगटातील मुलांसाठी शाळाशाळांतून बुद्धिबळाचा कार्यक्रम हाती घेतला. चेन्नईच्या वेलम्माळ विद्यालयाने खेळाडू विद्यार्थ्यांना हजेरी व परीक्षा यांत सवलत देण्याचा परिपाठ ठेवला, आणि गुकेशप्रमाणेच प्रज्ञानंदही तेथलाच विद्यार्थी. इतर ठिकाणी काय दिसते? स्पर्धा आणि सहामाही परीक्षा एकाच आठवड्यात आल्या की मुलापुढे दोहोंपैकी एक निवडण्याची वेळ येते आणि निवड बहुधा खेळाच्या विरुद्ध होते. ज्यांच्या घरी पैसा आहे ते खाजगी शिकवणी लावतात. इतरांचा पट दहावीच्या वर्षी माळ्यावर जातो.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. बुद्धिबळाइतका स्वस्त खेळ दुसरा नसेल. दहा पट, दहा संच आणि शाळा सुटल्यावर तासभर उघडी राहणारी एक खोली एवढ्यावर आरंभ होतो. गावातील वाचनालयाला संध्याकाळी दोन टेबले या कामी देता येतील. परीक्षा चुकलेल्या खेळाडूची परीक्षा आठ दिवसांनी घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकाने बिनदिक्कत वापरावा. दरमहा एकदा शेजारच्या चार शाळांचे सामने भरवावेत. ज्या मुलात खरोखर असामान्य गुण दिसेल, त्याच्या प्रवासाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च जिल्हा संघटनेने आणि शासनाने विजयाच्या आधी उचलावा, विजयानंतर नव्हे. आणि ज्या मुलाची गती एका पायरीवर थांबेल, त्याला अपयशी न ठरवता पुन्हा वर्गात सहज सामावून घेणारी शाळा हवी. उंच उडी घेणाऱ्याच्या खाली जाळे धरणे, हे उडी घेण्यास सांगणाऱ्यांचेच काम आहे.

सिंगापूरच्या त्या शेवटच्या डावात गुकेशने बरोबरी न स्वीकारता खेळ चालू ठेवला. त्याचा विजय प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे झाला, असे म्हणणारे जाणकारही निघाले. पण पहिलाच डाव हरून, नंतर आघाडी घेऊन आणि बाराव्या डावात ती पुन्हा गमावून, चौदाव्या डावाच्या अखेरच्या तासाला जो न थकता पटावर बसून राहतो, त्यालाच प्रतिस्पर्ध्याची चूक दिसते. हे धैर्य त्याच्या स्वतःचे होते. ते तेथपर्यंत पोचावे म्हणून अर्धशतक झटलेली माणसे, मंडळे आणि शाळा मात्र पटावर दिसत नव्हत्या. महाराष्ट्रातील एखादी सात वर्षांची मुलगी आज कोठे तरी घोड्याची अडीच घरे मोजत असेल. ती कितव्या वर्षी जगज्जेती होईल, हा प्रश्न तिला विचारू नये. तिच्या शाळेत पट आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा.